पेटीवाल्या हातांनी जपानी सिंथ-रॉक : ऐकायचं कसं आणि वाजवायचं कसं

हेडफोन घाला, जपानी सिंथ-रॉकचं (म्हणजे ज्या रॉकमध्ये सिंथसायझर, विजेवर आवाज बनवणारा कीबोर्ड, असतो ते) एखादं गाणं लावा आणि पहिलं काम म्हणजे गाणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही. जपानी आपल्यातल्या बहुतेकांना तसंही कळत नाही (रानडे इन्स्टिट्यूटला जपानीचे वर्ग केलेले सोडून, आणि पुण्यात तसे लोक भरपूर आहेत, त्यांना गाण्यांची नावं वाचून द्यायला जरूर सांगा), त्यामुळे शब्दांत अडकायचा प्रश्न नाही, पण आवाज पुढे असतो म्हणून कान आपोआप तिकडे जातो. तो तिथून काढून गिटारच्या मागे, ड्रमच्या थोडा वर जे काही सतत चालू असतं तिथे न्यायचा. तिथे कीबोर्ड असतो. एकदा तो सापडला की गाणं पहिल्यासारखं ऐकूच येत नाही.

मी सदाशिव पेठेत नऊ वर्षं पेटी शिकलो, मग कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या टीममध्ये कुणीतरी कीबोर्ड पुढ्यात ठेवला आणि तेव्हापासून हा नाद लागला. हे सगळं लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांचा उजवा हात पेटीवर तयार आहे, अॅनिमेची गाणी ऐकून ज्यांना हे बँड आवडायला लागलेत, आणि आता स्वतः वाजवून बघायचंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. शून्यापासून शिकणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण पेटी, तबला, गाणं यांतलं थोडं जरी झालं असेल तर तुम्ही अर्धा रस्ता आधीच चाललेला आहात, आणि हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये, कारण सांगतो.

तबल्याचं सोलो ऐकलंय ना? पेटीवाला लेहरा धरतो, तीच ओळ परत परत, सोळा मात्रांची, जराही हलायचं नाही, आणि त्याच्या जिवावर तबलजी काय वाट्टेल ते करून समेवर येतो. जपानी सिंथ-रॉकमध्ये कीबोर्ड किंवा सिक्वेन्सर (आधी भरून ठेवलेली ओळ आपोआप वाजवणारं मशीन) नेमकं हेच काम करतो. मशिनवर किंवा हाताने एक छोटी ओळ सतत चालू राहते आणि बाकीचा बँड तिच्याभोवती खेळतो. चार मात्रांचे चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे आपलं तीनतालाचं एक आवर्तन. मी आजही कुठलंही नवीन गाणं लागलं की आधी मांडीवर तीनताल धरतो आणि लेहरा कोण धरतंय ते शोधतो. तुम्हीही एवढंच करा, आठवडाभर फक्त एवढंच, कीबोर्डला हात लावू नका.

आता ऐकायचं काय. सुरुवात यलो मॅजिक ऑर्केस्ट्रापासून करावी असं माझं ठाम मत आहे, जरी तो रॉकपेक्षा टेक्नोपॉप म्हणून ओळखला जात असला तरी. १९७८ साली टोकियोत हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी या तिघांनी सुरू केला, आणि चौथा माणूस म्हणजे हिदेकी मात्सुताके, जो रोलँडचा एमसी-८ नावाचा सिक्वेन्सर चालवायचा. हे मशीन १९७७ सालचं. त्यात सूर वाजवून घालायचे नाहीत, कॅल्क्युलेटरसारख्या बटणांवर आकडे टाकून घालायचे, कुठला सूर, किती लांब, किती वेळाने, सगळं आकड्यांत, आणि तो डेटा कॅसेटवर साठवायचा. म्हणजे लेहरा आकड्यांत लिहून ठेवलाय असं समजा. ताकाहाशी कानात हेडफोन घालून त्या मशिनच्या ठोक्यावर ड्रम वाजवायचा. त्याने बांधलेलं 'रायडीन', १९७९ च्या अल्बममधलं, आधी तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वरची धून, दुसऱ्यांदा फक्त खालचा बास, तिसऱ्यांदा फक्त ड्रम आणि ते घोडा दौडत गेल्यासारखे आवाज. ताकाहाशी आणि साकामोतो दोघंही २०२३ मध्ये गेले, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने. तेव्हा मी रात्री पु. ल. देशपांडे उद्यानाच्या बाहेर गाडी लावून त्यांचा अख्खा पहिला अल्बम ऐकला होता. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे, म्हणून तिथेच जावंसं वाटलं.

त्यानंतर गोदाइगो. हा माझा खास लाडका बँड. कीबोर्डवर मिकी योशिनो, बोस्टनच्या बर्कलीत शिकून आलेला माणूस. १९७८ मध्ये जपानी टीव्हीवर माकडराजा आणि भारताकडे ग्रंथ आणायला निघालेला भिक्षू यांची मालिका आली, तिची गाणी यांची, आणि त्यातल्या एका गाण्याचं नावच 'गांधारा'. आपल्या तिसऱ्या सुराचं नाव गांधार, त्यामुळे मला ते गाणं पहिल्या दिवसापासून घरचं वाटलं. यात कीबोर्ड सिक्वेन्सरसारखा टकटकत नाही, गालिच्यासारखा खाली पसरलेला असतो. दोन्ही पद्धती कानाला ओळखता आल्या पाहिजेत, एक लेहऱ्याची आणि एक तानपुऱ्याची.

मग ऐंशीच्या दशकात टीएम नेटवर्क, तेत्सुया कोमुरो सिंथवर, आणि त्यांचं १९८७ चं 'गेट वाइल्ड', जे 'सिटी हंटर' या अॅनिमे मालिकेच्या शेवटी लागायचं. एपिसोडचा शेवटचा सीन चालू असतानाच मागे गाण्याची सुरुवात वाजायला लागायची, ती सुरुवात ऐका, तिथे सिंथ काय करतो ते कळलं की पुढच्या तीस वर्षांचं निम्मं अॅनिमे संगीत कळतं. पी-मॉडेल, पॉलिसिक्स हे जरा टोकदार, पंक अंगाचे, पॉलिसिक्सवाले केशरी जंपसूट घालून वाजवतात, ते नंतर ऐकलेत तरी चालेल.

आत्ताच्या बँडांपैकी साकानाक्शन चुकवू नका. साप्पोरोचा बँड, नावात 'साकाना' म्हणजे मासा आणि पुढे अॅक्शन. कीबोर्डवर एमी ओकाझाकी. त्यांचं लाइव्ह बघा, मधेच पाचही जण आपापली वाद्यं सोडून लॅपटॉप घेऊन एका रांगेत उभे राहतात आणि थोड्या वेळाने परत गिटार-ड्रमवर येतात, एकच बँड दोन तऱ्हेने वाजतो आणि तुम्हाला फरक डोळ्याने दिसतो. फुजीफॅब्रिकचं २००७ चं 'वाकामोनो नो सुबेते' हे नवशिक्यांना वाजवायला चांगलं, उन्हाळा संपतानाचं गाणं आहे, घाई नाही. पासपिए नावाच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याने स्वतःचं नाव नारिता हानेदा ठेवलंय, टोकियोच्या दोन विमानतळांवरून, पण हात अस्सल क्लासिकल पियानोचा, त्याची बोटं ऐकताना वही घेऊन बसा. माउस ऑन द कीज मध्ये गिटार-गाणं काही नाही, दोन कीबोर्ड आणि एक ड्रम. ऑफिशियल हिगे दांदिज्म, मिसेस ग्रीन अॅपल, किंग नू ही नावं तुम्हाला बहुतेक माहीतच असतील. त्यांचा कीबोर्ड ऐकायला सोपा वाटतो पण वाजवायला अवघड जातो, म्हणून ते शेवटी.

आता हात. पेटीवाल्याच्या हाताला तीन सवयी असतात आणि तिन्ही इथे आडव्या येतात, म्हणून त्या आधी सांगतो.

पहिली, पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. लहान-मोठं करायचं काम भात्याचं. त्यामुळे आपली बोटं सगळ्या पट्ट्या एकाच वजनाने दाबतात आणि पियानोचा आवाज लावला की ते वाजवणं मेलेलं वाटतं. यावर माझा उपाय असा की पियानोने सुरुवातच करायची नाही. ऑर्गन आणि सिंथ लीड (धून वाजवायचा पुढे येणारा आवाज) हे आवाज आधी घ्या, त्यांत बहुतेक वेळा दाबाचा फरक पडत नाही, तिथे आपला हात घरी असतो. मग इलेक्ट्रिक पियानो, आणि अगदी शेवटी पियानो. आणि कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडलची सोय असेल तर ते घ्याच, पायाखाली भाता आल्यासारखं वाटतं, ऑर्गनवर पायाने आवाज हळूहळू फुगवून बघा, तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

दुसरी सवय म्हणजे डावा हात. तो आयुष्यभर भाता मारत आलाय, बोटं त्याला माहीतच नाहीत. त्याच्याकडून एकदम पूर्ण कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) मागू नका. फक्त एक सूर, कॉर्डचा मूळ सूर, करंगळीने, मंद्र सप्तकात, बारच्या पहिल्या मात्रेवर. महिनाभर एवढंच.

हे करायला एक चाल देतो, जी जपानी पॉप-रॉकमध्ये इतकी चालते की तिला तिकडे 'ओदो शिंको' म्हणतात, ओदो म्हणजे राजमार्ग. पांढरी एक सा धरा. डाव्या हाताने म, प, ग, ध, प्रत्येक सूर चार मात्रा, झालं एक आवर्तन. उजव्या हाताने त्याच्यावर अनुक्रमे म-ध-सां, मग प-नी-रें, मग ग-प-नी, मग ध-सां-गं. मेट्रोनोम ७० वर लावा आणि फिरवत राहा. सम 'म' वर येते हे पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, आपल्याला सम म्हटलं की सा हवासा वाटतो, पण तेच तर या संगीताचं ओढणं आहे, सुरुवातच घराबाहेरून होते आणि घर येतंय येतंय म्हणत ते ध वर जाऊन उभं राहतं. हे मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आवाज बारीक करून, आणि तिसऱ्या आवर्तनाला अंगावर काटा आला कारण शाळेपासून ऐकलेली डझनभर गाणी एकदम त्यात दिसायला लागली.

ती चाल बसली की दुसरी. शिना रिंगो या गायिकेच्या १९९९ च्या 'मारुनोउची सॅडिस्टिक'मुळे तिला मारुनोउची चालच म्हणतात. म, ग, ध, सा असे डावीकडचे सूर, आणि गंमत ग वरच्या कॉर्डमध्ये आहे, तिथे ग-ध-नी-रें घ्यायचे पण ध कोमल. तो एक कोमल धैवत आला की लगेच शहरातली रात्र झाल्यासारखं होतं. पुढच्या ध वरच्या कॉर्डमध्ये शुद्ध ध येतो, म्हणजे कोमल ध पासून शुद्ध ध कडे सरकणं कानाला ऐकू येतं, तेवढं सरकणं नीट ऐका, घाई करू नका. ही चाल ज्याला कळली त्याला तोक्यो जिहेन हा बँड ऐकायला मजा येते, रिंगोचाच बँड, आणि २००५ पासून इचियो इझावाचा कीबोर्ड तर अभ्यास करण्यासारखा.

तिसरी सवय पट्टीची. आपण सा कुठेही ठेवतो, काळी एक, काळी चार, आणि बोटं त्याप्रमाणे फिरवतो. बँडमध्ये गिटारवाला सांगेल एफ शार्प मायनर, आणि त्याला सा-बिसा काही कळत नाही. सरळ उपाय म्हणजे ट्रान्सपोजचं बटण (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं), आणि मी म्हणतो पहिले सहा महिने ते बिनधास्त वापरा, त्यात कमीपणा काही नाही. पण एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे ती सांगतो. एरंडवण्यात एका हॉलवर प्रॅक्टिस चालू होती, मी ट्रान्सपोज एक ने वर ठेवलेलं, आणि मधेच एक सेकंद लाइट गेले आणि आले. कीबोर्ड बंद होऊन परत चालू झाला, ट्रान्सपोज शून्यावर, मला पत्ता नाही. पुढचं अख्खं कडवं मी गिटारपेक्षा अर्धा सूर खाली वाजवलं, सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि गाणारी बिचारी दोन्हींच्या मधे कुठेतरी. तेव्हापासून कीबोर्डवर एक छोटी कागदी पट्टी चिकटवलेली असते, गाण्याचं नाव, आवाजाचा नंबर, ट्रान्सपोज किती, आणि कीबोर्ड नव्याने चालू झाला की आधी ती पट्टी बघायची. जमेल तर सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर सेलही घालून ठेवा.

सुरांबद्दल एक फार सुंदर गोष्ट राहिली. जपानी संगीतात 'योनानुकी' नावाची पाच सुरांची मांडणी आहे. जुन्या मोजणीत यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, नुकी म्हणजे काढून टाकलेलं. चौथा आणि सातवा काढला की काय उरतं? मी आमच्या पेटीच्या सरांकडे जाऊन काही न सांगता ती वर-खाली वाजवली. सर डोळे मिटून होते, म्हणाले, "अरे, हा भूप झाला की. नवीन काय शिकलास ते वाजव." मी म्हटलं, "सर, हेच नवीन आहे, जपानी आहे." त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मग त्यांचाही भूपच आहे." हीच मायनरमध्ये घेतली की सा रे कोमल ग प आणि कोमल ध, म्हणजे शिवरंजनीत धैवत कोमल करायचा. आणि आणखी एक जुनी मांडणी आहे, मियाको-बुशी, तिचे सूर सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे आपला गुणकली. राग म्हणून चलन अर्थातच वेगळं, ते कुणी एकच समजू नका, पण बोटांना रस्ता ओळखीचा आहे. सोलो बसवायचा असेल तर राजमार्गाच्या चालीवर भूपाचे सूर फिरवून बघा, बहुतेक ठिकाणी छान बसतात.

आवाज कसा लावायचा ते आता. लॅपटॉप असेल तर व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथ फुकट मिळतात, आणि यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ चे ते काचेसारखे इलेक्ट्रिक पियानो हवे असतील तर डेक्स्ड नावाचा प्लगइन, तोही फुकट. आयफोनवाल्यांना गॅरेजबँड पुरतं. साधा लीड असा बनवा : सॉ वेव्ह घ्या, एका वेळी एकच सूर वाजेल असा मोनो मोड, फिल्टर निम्म्यावर आणा म्हणजे टोचणार नाही, आणि ग्लाइड चालू करा, ६० ते ८० मिलिसेकंद. आता सा दाबून ठेवा आणि न सोडता प दाबा. सूर घसरत वर गेला ना? ती मींड आहे. पेटीवर जी मींड कधीच निघत नाही, जिच्यावरून गाणारे आपल्याला ऐकवत आलेत, ती इथे बोटाखाली मिळते. पहिल्या दिवशी मी तासभर दुसरं काही वाजवलंच नाही. पिच बेंडचं चाक असेल तर तेही शिका, पण ते दोन अर्ध्या सुरांवरच ठेवा, जास्त ठेवलं की हात थांबवायचा अंदाज राहत नाही.

आणि आर्पेजिएटर, म्हणजे तुम्ही कॉर्ड धरायचा आणि मशीन त्यातले सूर एकेक करून चौगुनीत म्हणत राहणार, अलंकार-पलटे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासारखं. लेहरा धरायला हे उत्तम, पण त्याचा टेम्पो ड्रमरच्या टेम्पोशी जुळला पाहिजे, म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) द्यावाच लागतो. ड्रमर तयार नसेल तर आर्पेजिएटर बंद ठेवा आणि तीच ओळ हाताने वाजवा, थोडी मागे-पुढे झाली तरी चालते, मशीन मात्र कुणासाठी थांबत नाही.

कीबोर्ड कुठला घ्यायचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर सगळ्यात छोटं आहे. ६१ पट्ट्यांचा, दाबाप्रमाणे आवाज बदलणारा, यूएसबी असलेला कुठलाही. यामाहाची भारतीय आवाजांवाली आय मालिका घरोघरी आहे, ती असेल तर तीच वापरा. सेकंडहँड घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, आणि अडॅप्टरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण कीबोर्डच्या मागच्या छापलेल्या खुणेशी जुळवून बघा. पावसाळ्यात कपड्याने झाकून ठेवा. लॅपटॉपला जोडल्यावर आवाज उशिरा येत असेल तर विंडोजवर एसिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाकून बफर १२८ वर आणा, बऱ्याचशा अँड्रॉइड फोनवर तो उशीर जात नाही, तिथे वेळ घालवू नका.

जाता जाता यामाहाबद्दल, कारण मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. १८८७ मध्ये तोराकुसू यामाहा नावाच्या माणसाने हामामात्सु गावातल्या शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून पुढची अख्खी कंपनी उभी राहिली. रीड ऑर्गन, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी पट्ट्यांचं वाद्य, आपल्या पेटीचंच भावंड. रोलँडचं मुख्य ऑफिसही आज त्याच हामामात्सुत आहे.

शेवटचं, बँडबरोबर उभं राहाल तेव्हाचं. बासवाला असेल तर डावा हात उचला, खालचे सूर त्याचे आहेत, दोघांनी वाजवले की नुसता घुमारा होतो. गिटार ज्या सप्तकात आहे त्याच्या एक सप्तक वर जा. गाणारी गात असताना लांब सूर धरा, ती थांबली की तुमची ओळ. आणि सस्टेन पेडल पायाखाली दाबलेलं असताना कीबोर्ड चालू करू नका, काही कीबोर्डवर ते उलटं चालायला लागतं, पाय उचलला की सूर लांबतात आणि दाबला की तुटतात. तसं झालं तर घाबरून जाऊ नका, बंद करा, पाय बाजूला घ्या, परत चालू करा, कागदी पट्टी बघून ट्रान्सपोज लावा, आणि ड्रमरकडे बघून म वरून सुरू करा.